दहा गोळ्यांचा हिशेब : पडद्यावरचे माउझर आणि इतिहासातले माउझर

मंडळी, आजचा धागा एका पिस्तुलाविषयी आहे. परंतु आरंभ एका तलवारीपासून करू.

'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मधला कैरोच्या बाजारातला प्रसंग बहुतेकांच्या स्मरणात असेल. काळ्या वेषातला एक धिप्पाड योद्धा इंडियाना जोन्ससमोर उभा ठाकतो, भलीमोठी तलवार गरगर फिरवून दाखवतो. इंडी कंटाळल्यासारखा त्याच्याकडे पाहतो, कमरेचे रिव्हॉल्व्हर काढतो आणि एका गोळीत विषय संपवतो. मूळ संहितेत येथे चाबूक विरुद्ध तलवार असे प्रदीर्घ द्वंद्व होते. चित्रीकरण ट्युनिशियात चालले होते, हॅरिसन फोर्डचे पोट बिघडलेले होते, दीर्घ द्वंद्व खेळण्याची त्याच्यात ताकद नव्हती. म्हणून तो प्रसंग आटोपता घेण्यात आला.

तलवार बाजूला पडून पिस्तूल हाती येण्याचे कारण शौर्य नसून शरीराची दुर्बलता होती, ही गोष्ट लक्षात ठेवा. असेच एकदा प्रत्यक्षातही घडले आहे, आणि त्याचे मूळ चक्क मुंबईच्या ससून गोदीत आहे. तेथे जाण्यापूर्वी फोर्डच्याच हातातले दुसरे शस्त्र पाहू.

'स्टार वॉर्स' (१९७७) मधल्या हान सोलोचे 'ब्लास्टर' भविष्यकालीन वाटते खरे, परंतु ते एकोणिसाव्या शतकातले जर्मन पिस्तूल आहे : माउझर सी ९६. चित्रपटाचे अंदाजपत्रक तुटपुंजे. नेपथ्य सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांनी लंडनमधल्या 'बॅप्टी' या चित्रपटांना शस्त्रे पुरवणाऱ्या संस्थेकडून जुनी खरी शस्त्रे आणली आणि त्यांवर किरकोळ भाग चढवले. माउझरवर एक दुर्बीण बसली, नळीच्या टोकाला एक नळकांडे लागले, आणि आकाशगंगेतला तस्कर सज्ज झाला. ते भाग काढून टाकले तर ओबर्नडॉर्फच्या कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू जशीच्या तशी समोर येते. याच भाडोत्री माउझरने त्याआधी 'द नेकेड रनर' (१९६७) आणि 'सिटिंग टार्गेट' (१९७२) या चित्रपटांतही हजेरी लावली होती.

हे पिस्तूल एवढे देखणे का वाटते? खरे तर ते देखणे नाहीच, ते विचित्र आहे. मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल आणि बारीक. म्हणून इंग्रजीत त्याचे टोपणनाव 'ब्रूमहँडल' पडले. आज आपण पाहतो त्या पिस्तुलांत काडतुसे मुठीच्या आत असतात, येथे ती चापाच्या पुढे एका चौकोनी कप्प्यात असतात. त्यामुळे सगळा भार पुढे झुकतो आणि पिस्तूल लहानशा बंदुकीसारखे दिसते. दुरूनही त्याची आकृती ओळखू येते, आणि पडद्याला असलीच वस्तू हवी असते.

रचना फीडर्ले बंधूंची. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ येथील माउझरच्या कारखान्यात ते काम करत. पेटंट मात्र मालक पाउल माउझर यांच्या नावे झाले. (कारागिराचे डोके आणि मालकाचे नाव, हा औद्योगिक इतिहासातला नित्याचा अध्याय.) १८९५ मध्ये नमुना तयार झाला, १८९६ पासून उत्पादन सुरू झाले आणि ते १९३७ पर्यंत चालले. सुमारे दहा लाख नग निघाले. आतले भाग कोड्यातल्या तुकड्यांसारखे एकमेकांत अडकतात; साऱ्या पिस्तुलात स्क्रू एकच, तोही मुठीच्या लाकडी फळ्या धरून ठेवण्यापुरता. ७.६३ मिलिमीटरची गोळी त्या काळाच्या मानाने अत्यंत वेगवान होती. नेम धरण्याच्या पट्टीवर तर १,००० मीटरपर्यंत आकडे कोरलेले असत. हा आकडा मला नेहमीच विक्रेत्याच्या आत्मविश्वासाचा नमुना वाटतो. एवढ्या अंतरावर उभा असलेला माणूस नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो.

आता या धाग्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग. माउझरमध्ये दहा काडतुसे मावतात. ती एका पत्र्याच्या पट्टीवर ओळीने बसवलेली असतात. पिस्तूल वरून उघडायचे, पट्टी खाचेत उभी रोवायची, अंगठ्याने दहाही काडतुसे खाली दाबायची आणि रिकामी पट्टी उपसून काढायची. दहावी गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग मागे जाऊन उघडाच राहतो. म्हणजे आपण रिकामे झालो हे ते स्वतःच जाहीर करते. पुन्हा भरायचे तर दोन हात हवेत, स्थिर उभे राहण्याची संधी हवी, आणि मुख्य म्हणजे दुसरी पट्टी जवळ हवी.

साहसपटातला नायक या साऱ्यातून मुक्त असतो. त्याच्या गोळ्या कथेच्या सोयीने संपतात. इतिहासातल्या माउझरधारी माणसांच्या कहाण्या वाचू लागलो की मात्र नेमके उलटे चित्र दिसते. तेथे साऱ्या कथेचा आस गोळ्यांच्या संख्येवर फिरतो.

चला, ससून गोदीत जाऊ. ऑक्टोबर १८९६. चौथ्या हुसार पलटणीचा एकवीस वर्षांचा एक तरुण अधिकारी होडीतून मुंबईच्या धक्क्यावर उतरत होता. लाटांनी होडी वरखाली होत होती. धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांजवळ आधारासाठी लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या. त्याने एक कडी धरली, त्याच क्षणी होडी खाली गेली आणि उजव्या खांद्याला जबर हिसका बसला. खांदा जन्मभराचा अधू झाला. पलटण पुढे पुण्याच्या छावणीत थांबून बंगळूरला गेली. तरुणाचे नाव विन्स्टन चर्चिल.

दोन वर्षांनी, २ सप्टेंबर १८९८ रोजी, सुदानमधल्या ओमदुर्मानच्या रणांगणावर चर्चिल एकविसाव्या लान्सर्सबरोबर घोड्यावर होता. सुमारे ३०० स्वारांनी हल्ला चढवला. समोर थोडेसे लोक आहेत असा समज होता; प्रत्यक्षात एका खोलगट नाल्यात त्यांच्या कितीतरी पट योद्धे दबा धरून बसलेले निघाले. हातघाईची वेळ आली तर अधू खांद्यामुळे तलवार चालवता येणार नाही, हे चर्चिलने आधीच हेरले होते. त्याने तलवार म्यान केली आणि माउझर हाती घेतले. त्या गर्दीतून पार होताना त्याने दहा गोळ्या झाडल्या आणि गर्दीबाहेर पडता पडताच पिस्तूल रिकामे झाले, असे त्याने नंतर एका पत्रात कळवले आहे. अकरावी गोळी लागली असती तर काय झाले असते, याची कल्पना आपणच करावी. दौडत्या घोड्यावर, अधू हाताने, पट्टी रोवून पिस्तूल भरणे जवळपास अशक्यच. अवघ्या दोनेक मिनिटांत त्या तुकडीतले सुमारे ७० जण ठार वा जखमी झाले.

या प्रसंगाचा साहसपट झाला नसता तरच नवल. चर्चिलच्याच आत्मकथेवर बेतलेला 'यंग विन्स्टन' १९७२ मध्ये आला, दिग्दर्शक रिचर्ड अॅटनबरो. (होय, दहा वर्षांनी 'गांधी' काढणारे तेच.) सायमन वॉर्डच्या हातात माउझर शोभून दिसते. तरी ओमदुर्मानचा निकाल त्या पिस्तुलाने लागला नव्हता, लान्सर्सच्या हल्ल्यानेही नव्हे. त्या सकाळी मॅक्सिम तोफा, रायफली आणि नदीतल्या गनबोटी यांनी खलिफाच्या फौजेतली १०,००० हून अधिक माणसे मारली. इंग्रज-इजिप्शियन बाजूचे मृत ५० च्या आत होते. एका माणसाच्या दहा गोळ्या चित्रपटात मावतात. उरलेल्या आकड्याला नायक नसतो, त्यामुळे तो पार्श्वभूमीला जातो.

येथे एक साधा प्रश्न विचारू. चर्चिलने हे पिस्तूल आणले कोठून? विकत घेतले. त्या काळचे ब्रिटिश अधिकारी आपले पिस्तूल बहुधा स्वखर्चानेच घेत, आणि नवे जर्मन माउझर लंडनच्या बाजारात उपलब्ध होते. हाच प्रश्न एखाद्या मराठी वा बंगाली तरुणाच्या बाबतीत विचारला की गोष्ट पालटते. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी होती. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. ज्या वस्तूसाठी एकाला दुकानात पैसे मोजावे लागत, तिच्यासाठी दुसऱ्याला कट रचावा लागे.

नाशिकचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. ते पिस्तूल माउझर नव्हे, बेल्जियमचे ब्राउनिंग. १९०९ च्या आरंभी लंडनच्या इंडिया हाउसमधून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईला आली. सावरकरांनी ती धाडली आणि चतुर्भुज अमीन याने ती पेटीच्या खोट्या तळाखाली दडवून आणली. त्यांपैकी एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. स्थळ होते नाशिकचे विजयानंद नाट्यगृह, आणि प्रयोग 'संगीत शारदा'चा. नाटक पाहायला आलेल्या प्रेक्षकांसमोर झालेला हा गोळीबार मला आजच्या कोणत्याही चित्रपटातल्या गोळीबाराहून अधिक अस्वस्थ करतो. तेथे कोणी 'कट' म्हणणारा नव्हता. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आले.

आता माउझरकडे परतू, कारण हिंदुस्थानातला त्याचा मोठा प्रवेश कलकत्त्यात झाला.

२६ ऑगस्ट १९१४. महायुद्ध सुरू होऊन महिनाही झालेला नव्हता. रॉडा आणि कंपनी ही कलकत्त्यातली शस्त्रविक्रीची नामांकित पेढी. तिच्यासाठी आलेला माल जकातघरातून सोडवून आणण्याचे काम श्रीश मित्र नावाच्या कारकुनाकडे होते, आणि तो क्रांतिकारकांना सामील होता. त्या दिवशी २०२ पेट्या सोडवायच्या होत्या. १९२ पेट्या गोदामात पोहोचल्या. उरलेल्या दहा पेट्यांची बैलगाडी दुसऱ्याच वाटेने गेली. गाडीवानाच्या वेषात हरिदास दत्त हा क्रांतिकारक होता. ना गोळीबार, ना पाठलाग. कागदपत्रे रीतसर होती आणि बैल आपल्या गतीने चालले होते. त्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती.

भागाकार करा : प्रत्येक पिस्तुलामागे ९२० काडतुसे. या घटनेचे मोल त्या आकड्यात आहे. चोरलेले पिस्तूल कोठूनही मिळू शकेल, पण त्याच्या मापाची काडतुसे नसतील तर ते लोखंडाचा तुकडाच. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाने या चोरीची स्वतंत्र दखल घेतली, तिचे कारण येथे आहे. त्या पिस्तुलांची लाकडी खोकी मुठीला जोडली की खांद्याला लावून रायफलीसारखा मारा करता येतो, हेही अहवाल आवर्जून नोंदवतो. ५० पैकी ४४ पिस्तुले जवळजवळ तत्काळ बंगालमधल्या ९ गटांत वाटली गेली आणि पुढे ५४ घटनांत ती वापरली गेली, असे समितीचे म्हणणे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक सावधगिरी. हा अहवाल पोलिसांच्या माहितीवर उभा आहे आणि त्याच्या शिफारशींतूनच १९१९ चा कुप्रसिद्ध रौलट कायदा जन्मला. धोका मोठा दाखवण्यात समितीला रस होता. तरीही पिस्तुलांच्या संख्येवर मी बऱ्यापैकी विश्वास ठेवतो, कारण प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता, पेढीकडे त्यांची नोंद होती आणि हाती लागलेले पिस्तूल त्या यादीशी ताडून पाहता येत होते. '५४ घटना' हा आकडा मात्र मी एवढ्या निःशंकपणे उद्धृत करणार नाही. सुटलेली गोळी सापडली तरी पिस्तूल कोणते, हे प्रत्येक वेळी सिद्ध झाले असेलच असे नाही.

वर्षभराने, ९ सप्टेंबर १९१५ रोजी, ओडिशातल्या बालासोरजवळ बुढाबलंग नदीच्या परिसरात पाच तरुण एका उंचवट्याआड दबून बसले होते : जतीन्द्रनाथ मुखर्जी अर्थात बाघा जतीन, चित्तप्रिय रायचौधुरी, मनोरंजन सेनगुप्त, नीरेन्द्रनाथ दासगुप्त आणि ज्योतिष पाल. हातांत माउझर. समोर पोलिसांची सशस्त्र तुकडी, लांब पल्ल्याच्या रायफली घेऊन. ते तेथे का होते, हे या धाग्याच्या दृष्टीने फार बोलके आहे. 'मॅव्हरिक' नावाच्या जहाजातून जर्मनीच्या मदतीने शस्त्रे यायची होती. रौलट अहवालानुसार ३०,००० रायफली आणि प्रत्येकीमागे ४०० काडतुसे. ही शस्त्रे 'अॅनी लार्सन' नावाच्या दुसऱ्या गलबतावरून समुद्रात 'मॅव्हरिक'वर चढवायची होती. दोघांची गाठ पडलीच नाही. एक कोटी वीस लाख काडतुसांची वाट पाहणारी माणसे अखेर खिशातल्या मोजक्या काडतुसांनिशी लढली. तासाहून अधिक काळ त्यांनी तग धरला. चित्तप्रिय तेथेच पडले. काडतुसे सरली, उरलेले जखमी अवस्थेत पकडले गेले. जतीन दुसऱ्या दिवशी बालासोरच्या रुग्णालयात गेले. मनोरंजन आणि नीरेन यांना फाशी झाली.

२०२३ मध्ये या जीवनावर 'बाघा जतीन' हा भव्य बंगाली चित्रपट आला. शेवटच्या लढाईत पडदा धुराने आणि आवाजाने भरून जावा, ही चित्रपटाची गरज आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या मते त्या तासाभरातला खरा ताण आवाजात नसून दोन आवाजांमधल्या शांततेत असणार. प्रत्येक गोळीनंतर किती उरल्या हे मोजणारा माणूस सतत गोळ्या झाडत नाही.

काकोरीची कथा याहून निराळी, आणि तिच्याविषयी आपण कमी बोलतो. ९ ऑगस्ट १९२५ रोजी हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या तरुणांनी लखनौजवळ गाडी थांबवून सरकारी खजिना लुटला. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान, चंद्रशेखर आझाद अशी मंडळी, आणि हातांत जर्मन माउझर. प्रवाशांना इजा करायची नाही असे ठरलेले होते. सतरा वर्षांच्या मन्मथनाथ गुप्त यांच्या हातून अनवधानाने माउझरचा चाप ओढला गेला आणि गाडीतून उतरलेला एक प्रवासी ठार झाला. लूट साडेचार हजार रुपयांच्या आसपास. पण या मृत्यूमुळे खटल्याला खुनाचे रूप आले. बिस्मिल, अशफाक, रोशनसिंह आणि राजेन्द्र लाहिरी डिसेंबर १९२७ मध्ये फासावर गेले. ज्यांच्या हातून गोळी सुटली ते गुप्त वयाने लहान असल्यामुळे १४ वर्षांच्या शिक्षेवर सुटले आणि पुढे क्रांतिकारी चळवळीचे इतिहासकार झाले. 'रंग दे बसंती'मुळे (२००६) काकोरी माझ्या पिढीच्या मनात ठसली. मीही तो चित्रपट पाहूनच या विषयाकडे वळलो, हे कबूल करतो. तरी काकोरीचे स्मरण करताना त्या एका प्रवाशालाही त्यात जागा असावी, असे मला वाटते. त्याने क्रांतिकारकांचे मोल उणे होत नाही. साडेतीन हात अंतरावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती ते यंत्र काय करू शकते, एवढे मात्र कळते.

जाता जाता एक दुरुस्ती. समाजमाध्यमांवर 'आझादांचे पिस्तूल' म्हणून माउझरची छायाचित्रे अधूनमधून फिरतात. अलाहाबादच्या संग्रहालयात ठेवलेले आझादांचे पिस्तूल अमेरिकन कोल्ट आहे. आकाराने लहान, चपटे, खिशात मावणारे. शेजारी ठेवले तर दोन्हींत गल्लत होण्याचे कारणच उरत नाही.

जगात इतरत्र माउझरने निरनिराळी सोंगे घेतली. सोव्हिएत चित्रपटांत ते चामड्याचे जाकीट घातलेल्या कमिसारच्या कमरेला लटकते. चीनमध्ये तर त्याची एवढी आयात आणि नक्कल झाली की लाकडी खोक्यामुळे 'पेटीतली तोफ' असे त्याचे घरगुती नावच पडले. चिनी गनिमी युद्धपटांत दोन्ही हातांत दोन माउझर घेतलेला नायक हमखास दिसतो. त्या दोन्ही हातांनी तो काडतुसांची पट्टी कशी रोवतो, हे दिग्दर्शकालाच ठाऊक. ज्या जर्मनीत ते जन्मले तेथे मात्र ते सैन्याचे मुख्य पिस्तूल कधीच झाले नाही. महायुद्धात टंचाई पडली तेव्हा दीड लाख नगांची मागणी नोंदवली गेली, तीही पूरक म्हणून.

अखेरीस दोन नोंदी. हान सोलोसाठी वापरलेल्या माउझरपैकी एक ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत लिलावात निघाले आणि दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. त्यातून पडद्यावर सुटलेल्या 'गोळ्या' चित्रीकरणानंतर रंगवलेल्या प्रकाशरेषा होत्या. आणि रॉडाच्या त्या ५० पिस्तुलांपैकी, रौलट समितीचा अहवाल सिद्ध होईपर्यंत, ३१ पोलिसांच्या हाती लागली होती. उरलेल्या १९ पिस्तुलांचे क्रमांक त्या वेळी यादीतच होते.